१६ कोटींच्या इंजेक्शनात असतं तरी काय?

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. २०२१ साली मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी देशभरातून पैसे गोळा झाले. आमच्या गल्लीतल्या मुलांनीही आपापले गल्ले फोडले होते. त्यांनी मला विचारलं, “बाई, त्या बाटलीत असतं काय?” मला सांगता आलं नाही. त्या इंजेक्शनने आजार मुळापासून जातो का? आणि एका इंजेक्शनला १६ कोटी का लागावेत?
(एक वाचक, वाई)

उत्तर : बाई, त्या बाटलीत विषाणूंची टरफलं असतात. आतला मूळ ऐवज काढून टाकलेला असतो आणि त्याजागी एका मानवी जनुकाची नवी प्रत भरलेली असते. मुलांना एवढं सांगितलंत तरी पुरे. तुमच्यासाठी जरा सविस्तर सांगते.

आजाराचं नाव स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. बोलताना सगळेच एसएमए म्हणतात. आपल्या पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो आणि त्यात स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी असतात. मान धर, पाय झाड, दूध ओढ, श्वास घे, असे हुकूम मेंदूकडून निघतात आणि या पेशी ते स्नायूंपर्यंत पोचवतात. एसएमएमध्ये त्या एकेक करून मरत जातात. हुकूम सुटतो, पण पोचवायला कुणी उरत नाही. मग स्नायू वाळतात. बुद्धीला मात्र धक्का लागत नाही.

असं बाळ एकदा पाहिलं की विसरता येत नाही. टेबलावर उताणं ठेवलं की पाय बेडकासारखे बाहेर पसरतात आणि तसेच राहतात. काखेत हात घालून उचलावं तर ते हातांतून निसटायला लागतं. श्वास घेताना छाती आत ओढली जाते आणि पोट वर येतं. तोंड उघडलं की जिभेवर बारीक वळवळ दिसते, कातडीखालून मुंग्या चालल्यासारखी. या सगळ्यात डोळे मात्र विलक्षण तेजस्वी असतात. बाळ तुमच्याकडे टकमक बघतं, हसतं, आईचा आवाज ओळखतं. “एवढं हुशार दिसतंय, याला काय झालं असणार?” असं घरच्यांना वाटतं ते त्या डोळ्यांमुळेच.

ऑस्ट्रियातल्या ग्विडो वेर्डनिग यांनी १८९१ साली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी जर्मनीतल्या योहान हॉफमन यांनी या आजाराचं वर्णन लिहून ठेवलं. पुढची शंभर वर्षं डॉक्टरांच्या हातात वर्णनापलीकडे फारसं काही नव्हतं. कारण सापडलं १९९५ मध्ये. पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या चमूने पाचव्या गुणसूत्रावरचं एसएमएन-१ हे जनुक शोधून काढलं. या बाळांमध्ये ते नसतं किंवा बिघडलेलं असतं, त्यामुळे चेतापेशी जगवणारं प्रथिन तयार होत नाही.

इथे निसर्गाने एक गमतीची गोष्ट करून ठेवली आहे. माणसाकडे याच जनुकाची जवळजवळ हुबेहूब दुसरी प्रत असते, एसएमएन-२. तुम्ही शिक्षिका, म्हणून तुमच्याच वस्तूने समजावते. एकाच पाठ्यपुस्तकाच्या दोन प्रती आहेत. दुसऱ्या प्रतीत सातव्या पानावर एकच अक्षर वेगळं छापलं गेलंय, पण त्या एका अक्षरापायी बांधणी करताना ते पानच बहुतेक वेळा गळून पडतं. पान गळालेलं पुस्तक निरुपयोगी. दहातलं एखादंच पुस्तक पुरं बांधलं जातं. त्या एवढ्याशा पुऱ्या पुस्तकांवर बाळ जन्माला येतं आणि काही दिवस तग धरतं. ज्या बाळाकडे या दुसऱ्या जनुकाच्या प्रती जास्त, त्याचा आजार साधारणपणे सौम्य.

मग शास्त्रज्ञांच्या मनात आलं की सातवं पान गळू न देण्याची काही युक्ती करता येईल का. मॅसॅच्युसेट्समध्ये रवींद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००६ मध्ये ती नेमकी जागा सापडली, जिथे पेशीला ‘हे पान सोडून दे’ अशी खूण मिळते. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत एड्रियन क्रेनर यांनी त्या खुणेवर नेमकी बसेल अशी रासायनिक पट्टी तयार करण्याचं काम तडीस नेलं. खूण झाकली की पान शाबूत राहतं. याच औषधाला, नुसिनर्सेनला, डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. एसएमएवरचं जगातलं ते पहिलं औषध. ते कमरेतून सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडावं लागतं. पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा आणि पुढे दर चार महिन्यांनी, कायम. त्याच्या चाचणीत काही बाळांना खरं औषध दिलं होतं आणि काहींना फक्त सुई टोचल्याचा देखावा. फरक इतका उघड दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवून सगळ्याच बाळांना औषध देऊ केलं गेलं.

मुंबईच्या बाळाला दिलेलं औषध याहून वेगळं. त्यात जुनं पुस्तक दुरुस्त करण्याऐवजी नवंच पाठवतात. एएव्ही-९ नावाचा एक निरुपद्रवी विषाणू रक्तातून मेंदू आणि मज्जारज्जूपर्यंत शिरू शकतो. त्याच्या टरफलात एसएमएन-१ ची धड प्रत भरून ते सलाइनसारखं तासाभरात शिरेतून सोडतात. झोल्जेन्स्मा या नावाने मे २०१९ मध्ये ते अमेरिकेत दोन वर्षांखालच्या मुलांसाठी आलं, किंमत २१ लाख २५ हजार डॉलर. हे आयुष्यात एकदाच देता येतं, कारण त्यानंतर शरीर त्या विषाणूला ओळखू लागतं. यकृतावर ताण येतो, म्हणून आदल्या दिवसापासून पुढे महिना-दोन महिने स्टेरॉइड द्यावं लागतं आणि दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. त्या दिवसांत आईवडील इंजेक्शनपेक्षा यकृताच्या रिपोर्टची धास्ती घेऊन असतात.

आता तुमचा नेमका प्रश्न : आजार मुळापासून जातो का?

मेलेली चेतापेशी परत येत नाही. औषध वाचवतं ते फक्त त्या दिवशी जिवंत असलेल्या पेशींना. या आजारात मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, आणि वर्तमानपत्रांतल्या किमतीच्या मथळ्यांत तीच हरवून जाते. आकडेच बघा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झोल्जेन्स्माच्या पहिल्या चाचणीत आजार दिसू लागलेली १५ बाळं होती. वीस महिन्यांच्या वयाला पंधराही जिवंत होती आणि कुणालाही कायमचं व्हेंटिलेटर लागलं नव्हतं. औषधाविना असं बारातलं जेमतेम एखादं बाळ असतं. पुरेसा डोस मिळालेल्या बारांपैकी अकरा आधाराशिवाय बसली. पण चालू लागली दोनच. पुढे दुसऱ्या एका चाचणीत लक्षणं दिसायच्या आधीच, जन्मापासून सहा आठवड्यांच्या आत, हेच औषध दिलं. ज्यांना तीव्र आजार होणार हे तपासणीवरून दिसत होतं, अशी ती १४ बाळं. चौदाही बसली आणि नऊ स्वतःच्या पायांवर चालली. औषध तेच, फरक काही महिन्यांचा.

नव्वदच्या दशकात मी शिकत होते तेव्हा एक एसटी कंडक्टर आपल्या पाच महिन्यांच्या मुलाला घेऊन आले होते. गावातल्या डॉक्टरांनी “बाळ अंगाने जड आहे, उशिरा मान धरेल” म्हणून सांगितलेलं. मी तपासलं, वरिष्ठांनी तपासलं, आणि त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी एकच विचारलं, “मॅडम, काहीतरी असेल ना?” तेव्हा खरोखर काही नव्हतं. आज ‘काहीतरी’ आहे. पण “उशिरा धरेल मान” हे वाक्य अजून तसंच ऐकू येतं, आणि त्याचा मला फार त्रास होतो. तीन-चार महिन्यांच्या बाळाने मान सावरायला सुरुवात करायला हवी. केली नसेल, पाय झाडत नसेल, रडणं क्षीण असेल, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवा. एसएमए आहे की नाही हे एका रक्ततपासणीत कळतं. अमेरिकेत २०१८ पासून ही तपासणी नवजात बाळांच्या शिफारस केलेल्या यादीत आहे, टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर होते. आपल्याकडे ती सरसकट होत नाही. व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

राहिली किंमत. १६ कोटी हा त्या बाटलीतल्या द्रवाचा उत्पादनखर्च नव्हे. रोगी थोडे, संशोधन आणि चाचण्या महागड्या, औषध एकदाच विकलं जाणार, आणि पेटंटमुळे दुसरा विकणारा नाही. या सगळ्याची गोळाबेरीज करून कंपनीने लावलेला तो आकडा आहे. मुंबईच्या बाळासाठी केंद्र सरकारने ६ कोटींच्या घरातला कर माफ केला होता, तेव्हा कुठे ते औषध आलं. किंमत किती हलू शकते हे तिसऱ्या औषधाने दाखवून दिलं. रिसडिप्लाम हे तोंडाने घ्यायचं औषध. तेही सातवं पान टिकवतं, पण सुईविना. भुकटीत पाणी घालून तयार केलेलं सरबतासारखं औषध रोज ठरल्या वेळी, छोट्या सिरिंजने मोजून, गालाच्या आतून द्यायचं. त्याची बाटली भारतात ६ लाखांच्या आसपास होती. हैदराबादच्या नॅटको कंपनीने जेनेरिक करायला घेतलं, रोश कंपनी पेटंटसाठी कोर्टात गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अडवायला नकार दिला. जेनेरिक बाटली १५,९०० रुपयांना जाहीर झाली. सहा किलोच्या बाळाला ती दीड महिना पुरते. वीस किलोच्या मुलाला मात्र बाराच दिवस, म्हणजे वर्षाला पावणेपाच लाख रुपये, आणि तेही कायमचे. कंडक्टरच्या पगारात हे अजूनही बसत नाही. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली केंद्राकडून ५० लाखांपर्यंत मदत मिळते आणि त्यासाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. घरात असं बाळ असेल तर नोंद तिथे करा. क्युअर एसएमए फाउंडेशन ऑफ इंडिया ही पालकांनीच चालवलेली संस्था आहे, तिच्याशीही बोला. कागदपत्रांत कुठे अडतं हे त्या आईवडिलांना कुणाही डॉक्टरपेक्षा जास्त ठाऊक असतं.


प्रश्न : माझ्या पुतणीचं पहिलं बाळ याच आजाराने गेलं. आमच्या आणि तिच्या सासरच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणाला असं झालेलं नाही. सासरचे म्हणतात, मुलीकडूनच आलं. खरं काय?
(एक वाचक, जत)

उत्तर : दोघांकडूनही आलं. एकट्या आईकडून हा आजार बाळाला जवळजवळ कधीच येत नाही. साधारण चाळीस-पन्नास माणसांत एकाकडे एसएमएन-१ चं एक बिघडलेलं जनुक असतं. दुसरं धड असल्यामुळे त्या माणसाला आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. तुमच्या शेजारी बसलेल्या कुणाकडेही ते असू शकेल. अशी दोन माणसं लग्नाने एकत्र आली तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एक झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशोब यात नसतो. दर वेळी नव्याने चारात एक. मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची पद्धत असेल तर तेच बिघडलेलं जनुक दोन्ही बाजूंनी समोरासमोर येण्याची शक्यता वाढते. पण नात्याबाहेरच्या लग्नांतही हे होतंच.

तुमच्या पुतणीने आणि जावयांनी, दोघांनीही, रक्त तपासून घ्यावं आणि पुढच्या गरोदरपणाआधीच जनुकतज्ज्ञाला भेटावं. गरोदरपणाच्या अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेच्या पेशी तपासून बाळाचं कळू शकतं. २०२५ मध्ये अमेरिकेतून एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध झाली, ती तुम्हाला मुद्दाम सांगते. पहिलं मूल एसएमएने गेलेलं. दुसऱ्या वेळी बाळाला आजार आहे हे पोटात असतानाच कळलं. आईने शेवटचे सहा आठवडे रिसडिप्लाम घेतलं आणि जन्मानंतर बाळाला ते सुरूच ठेवलं. अडीच वर्षांच्या वयाला त्या मुलीत या आजाराचं एकही लक्षण नव्हतं. एकाच बाळाचा अनुभव आहे, त्यावरून नियम होत नाही, आणि हा उपचार आज सगळीकडे उपलब्ध आहे असंही नाही. तरी उपचार किती अलीकडे सरकत आलाय हे त्यावरून दिसतं.

सासरच्यांना हे उत्तर मोठ्याने वाचून दाखवा. मूल गेल्याचं दुःख त्या मुलीने सोसलं आहे, वर दोषही तिनेच का सोसावा?


प्रश्न : माझा नातू सहा महिन्यांचा आहे. आठ-दहा दिवस झाले, झोपेतून उठला की दहा-पंधरा वेळा कमरेत वाकून हात पुढे घेतो, नमस्कार केल्यासारखा. मग रडतो. घरात कुणी म्हणतं पोटात कळ येते, कुणी म्हणतं दचकतो, दृष्टही काढून झाली. तो आधी माझ्याकडे बघून हसायचा, आता बघत नाही. मोबाइलमध्ये व्हिडिओ काढलाय. हे काही गंभीर आहे का?
(एक आजी, जिल्हा नगर)

उत्तर : आजी, तुमच्या पत्रावर नंबर होता म्हणून अंकाची वाट न बघता त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. दोन दिवसांत ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, झाला आणि औषध सुरू झालं, हे तुम्ही नंतर कळवलंत. इतर घरांसाठी ते इथे लिहिते.

तुम्ही जे वर्णन केलंत ते १८४१ साली इंग्लंडमधल्या टनब्रिज गावच्या विल्यम वेस्ट नावाच्या डॉक्टरने जवळजवळ याच शब्दांत लिहिलं होतं. बाळ त्याचं स्वतःचं होतं. माना टाकत पुढे वाकणं, पुन्हा पुन्हा, झोपेतून उठल्यावर जास्त, आणि हळूहळू हरवत गेलेलं हसू. त्या काळचे सगळे उपाय करून झाले, जळवाही लावल्या. अखेर त्याने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून विचारलं की याबद्दल कुणाला काही माहिती आहे का. इलाज तेव्हा कुणाकडेच नव्हता. या आजाराला आज वेस्ट सिंड्रोम म्हणतात. ही आकडीच असते. पण आकडी म्हटलं की आपल्याला हातपाय ताठ, तोंडाला फेस असंच चित्र दिसतं. ही आकडी क्षणभराची, म्हणून घरोघरी ती पोटदुखीत, दात येण्यात किंवा दचकण्यात खपून जाते. दचकायला आवाज लागतो, धक्का लागतो. हे झटके शांत खोलीत, मिनिटाला दोन-चार असे ओळीने येतात. ही खूण लक्षात ठेवा.

आपल्याकडे याची मोठी कारणं म्हणजे बाळंतपणात बाळ गुदमरणं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याच्या रक्तातली साखर फार उतरणं. काही बाळांत मेंदूची ठेवण वेगळी असते. काहींत ट्यूबरस स्क्लेरोसिस असतो, त्यांच्या अंगावर पानाच्या आकाराचे फिके डाग दिसतात. डाग असतील तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा, कारण त्या बाळांना विगाबॅट्रिन हे औषध विशेष लागू पडतं. बाकीच्यांना एसीटीएचची इंजेक्शनं किंवा प्रेडनिसोलोन. एसीटीएचचा गुण १९५८ मध्येच लक्षात आला होता. प्रेडनिसोलोनच्या गोळ्या तर कुठल्याही मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळतात. वर १६ कोटींची गोष्ट सांगितली, आणि हे औषध इतकं स्वस्त. तरीही अनेक बाळांना ते महिने उलटून गेल्यावर मिळतं, कारण तोवर घर दात यायची वाट बघत असतं. झटके सुरू झाल्यापासून उपचार जितके लवकर, तितकं बाळाचं बसणं, बघणं, बोलणं सावरण्याची शक्यता जास्त. मात्र या गोळ्या या आजारात फार मोठ्या मात्रेत देतात, त्यात रक्तदाब चढतो, साखर वाढते, जंतुसंसर्ग पटकन होतो. विगाबॅट्रिनने नजरेची कड अधू होऊ शकते. म्हणून हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीतच. आपल्या मनाने गोळी सुरू करायची नाही आणि मनाने बंद तर मुळीच करायची नाही.

तुम्ही व्हिडिओ काढलात हे फार मोठं काम केलंत. बाळ दवाखान्यात पोचतं तेव्हा बहुतेक वेळा शांत झोपलेलं असतं आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. झोपेतून उठताना, चांगल्या उजेडात, दुपटं बाजूला करून, डोकं ते पाय सगळं बाळ दिसेल असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा. कांदा हुंगवायचा नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथून पुढची वाट मिळते. ईईजी करताना बाळ काही वेळ झोपलेलं असायला हवं, कारण या आजारातली मेंदूच्या लहरींची बेशिस्त झोपेत सर्वांत स्पष्ट दिसते. त्यासाठी त्याला आदल्या रात्री उशिरापर्यंत जागं ठेवायला सांगतील. केसांना तेल लावू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत.

आणि तुमच्या नातवाबद्दल एक. वाकणं थांबलंय असं तुम्ही कळवलंत, आनंद झाला. तरी दोन आठवड्यांनी झोपेतला ईईजी पुन्हा करायला सांगितलाय, तो टाळू नका. बाहेरचे झटके थांबले तरी आतल्या लहरी तशाच असू शकतात, आणि तसं असेल तर औषध बदलावं लागतं. तो पुन्हा तुमच्याकडे बघून हसायला लागला की मला कळवा.